मुकादमाचा शब्द आणि कचेरीची नोंदवही

गिरणीचा इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम धुराडें येतें, मग चात्या आणि माग, मग भांडवल उभें करणारे शेटजी, आणि शेवटीं, जागा उरलीच तर, मजुरांचे संप. परंतु ज्या एका साध्या प्रश्नावर हजारों कुटुंबांची भाकर अवलंबून होती, त्या प्रश्नाचा इतिहास सहसा कोणी सांगत नाहीं. तो प्रश्न असा: माणसाला कामावर घेतो कोण, काढतो कोण, आणि काढतांना कारण सांगण्याचें बंधन त्याच्यावर आहे कीं नाहीं? आज मोठ्या कारखान्यांत या कामासाठीं एक स्वतंत्र कचेरी असते. तिला कोणी कर्मचारी विभाग म्हणतात, कोणी मनुष्यबळ विभाग म्हणतात. ही कचेरी कोठून आली, कोणाच्या हातची सत्ता काढून घेऊन ती उभी राहिली, आणि नोकराला न्याय देण्याचें काम तिच्याकडून कितपत झालें, हें मी आज आपल्यापुढें मांडणार आहें. मी हिंगणघाटचा राहणारा. म्हणून आरंभ हिंगणघाटापासून करतों.

वणा नदीच्या कांठचें हें गांव कापसाचें. अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडून जाणारा कापूस अडला, आणि हिंदुस्थानच्या कापसाला एकाएकीं सोन्याचे दिवस आले. त्या धामधुमीच्या काळांत ‘हिंगणघाट’ हें नुसतें गांवाचें नांव राहिलें नाहीं. विलायतेच्या बाजारांत तें कापसाच्या एका जातीचें नांव होऊन बसलें. पुढें वर्ध्याहून रेल्वेचा फांटा इकडे आला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत येथें दोन कापड गिरण्या उभ्या राहिल्या. एक पुढें बन्सीलाल अबीरचंद यांच्या नांवानें ओळखली गेली, दुसरी रेखचंद मोहता यांच्या. त्यांच्या भोवतीं सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस. ज्यांचा हातमाग गिरणीच्या कापडानें मोडला असे विणकर, ज्यांना जमिनीचा तुकडा नाहीं असे शेतमजूर, आणि त्यांच्या बायका, हीं माणसें खेड्यांतून निघून गिरणीच्या फाटकाशीं येऊन उभीं राहिलीं. भोंगा हेंच पुढें त्यांचें घड्याळ झालें.

त्या पहिल्या पिढीच्या गिरण्यांत कर्मचारी विभाग नांवाची वस्तु कोठेंच नव्हती. मॅनेजर यंत्राचा जाणता असे; परंतु मजुराची बोली, गांव, घर यांविषयीं त्याला फारसें ठाऊक नसे. त्याला रोज सकाळीं ठराविक हात हवे असत, आणि ते आणून देणारा मनुष्य म्हणजे मुकादम. मुंबईच्या गिरण्यांत त्याला जॉबर म्हणत. सुताच्या लड्या करण्याच्या रीळखात्यांत बायका काम करीत. तेथें हेंच काम करणारी बाई असे, तिला नायकीण म्हणत. मुकादम बहुधा मजुरांतूनच वर चढलेला असे. यंत्र अडलें तर तो चालू करी, नव्या माणसाला काम शिकवी, खेड्यांतून आलेल्याला खोली पाहून देई, अडीअडचणीला चार रुपये उसने देई. म्हणून त्याला नुसता खलपुरुष ठरविणें इतिहासाला धरून होणार नाहीं. परक्या गांवांत ज्याचें दुसरें कोणी नव्हतें, त्याचा तो आधार होता.

परंतु आधार देणारा हात तोच गळा धरणारा हात होता. कामावर घेणें, बढती देणें, रजा देणें, दंड सुचविणें आणि काढून टाकणें, या पांचही गोष्टी व्यवहारांत त्याच्या शब्दावर चालत. त्या शब्दाला किंमत होती, आणि तिचें नांव दस्तुरी. नोकरी लागतांना दस्तुरी. आणि गांवाहून परत आल्यावर आपली जागा आपल्यालाच मिळावी म्हणून पुन्हां दस्तुरी. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागीं घ्यावयाचे बदली कामगार पहाटे फाटकाशीं थांबत. त्यांतून आंत कोणाला घ्यावयाचें हें मुकादम बोटानें दाखवी. ज्याच्याकडे बोट झालें, त्याच्या घरीं चूल पेटली. आपल्याकडे बोट कां झालें नाहीं, हें विचारण्याची सोय नव्हती. कारण तें कारण कोठें लिहिलेलेंच नव्हतें. याशिवाय गिरणीचे दंड निराळे. मुंबईकडे एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांचा पगार कापण्याची चाल होती. तिला दुहेरी खाडा म्हणत. विणतांना कापड बिघडलें तर तें विणकराच्याच माथीं मारून त्याची किंमत पगारांतून वळती करून घेत.

या व्यवस्थेविरुद्ध पहिला संघटित आवाज उठला तो मुंबईस. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यांतील मागण्या ऐकण्यासारख्या आहेत. आठवड्यांतून एक दिवस, रविवारीं, सुट्टी असावी. दुपारीं अर्धा तास विसावा मिळावा. मागील महिन्याचा पगार चालू महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत हातीं पडावा. काम करतांना ज्याला इजा होईल त्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा. यांपैकीं रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजीं मुंबईच्या गिरणीमालकांनीं मान्य केली. आतां आपण आजच्या कोणत्याहि मनुष्यबळ विभागाची कामें मोजून पाहा: रजा, कामाचे तास, वेळेवर पगार, अपघाताची भरपाई. त्या विभागाची कामाची यादी लोखंडे यांच्या कामगारांनीं अंगठे उठवून आधींच लिहून दिली होती. कचेरी तेवढी मागाहून आली.

मुंबईस अर्ज चालले असतां आमच्या जवळच, नागपुरास, एक निराळा प्रयोग सुरू होता. जमशेटजी टाटा यांनीं १८७४ सालीं कंपनी स्थापून १ जानेवारी १८७७ रोजीं एम्प्रेस मिल सुरू केली. मॅनेजर म्हणून त्यांनीं बेझनजी दादाभाई मेहता यांना निवडलें. हे गृहस्थ रेल्वेच्या मालवाहतूक खात्यांतून आलेले. गिरणीचा त्यांना पूर्वानुभव नव्हता. आरंभीं मजूर नेमानें कामावर येत नसत. अशा वेळीं दंड वाढविणें हा त्या काळचा सरधोपट मार्ग होता. त्याऐवजीं येथें नियमित येणाऱ्यास बक्षीस देण्याची पद्धत घालण्यांत आली. १८८६ सालीं निवृत्तिवेतनाचा निधि उभारला गेला, १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळूं लागली, आणि १९०१ सालीं भविष्यनिर्वाह निधि सुरू झाला. या तारखांचें महत्त्व कळण्यासाठीं कायद्याच्या तारखा शेजारीं ठेवाव्या. हिंदुस्थानांत अपघात-भरपाईचा कायदा झाला १९२३ सालीं, आणि भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ सालीं. म्हणजे एका बाबतींत नागपूरची ही गिरणी कायद्याच्या अठ्ठावीस वर्षें पुढें होती, आणि दुसऱ्या बाबतींत एक्कावन्न वर्षें.

ही गोष्ट नागपूर प्रांताला भूषणास्पद आहे यांत संशय नाहीं. तरी तिच्या मर्यादा ओळखणें जरूर आहे. मालकाच्या उदारपणानें मिळालेलें सुख मालकाच्या मर्जीबरोबर राहतें. शेजारच्या गिरणींतील मजुराला त्याचा कांहीं उपयोग नाहीं. आणि ज्याला तें मिळतें त्यालाहि तें मागण्याचा अधिकार नाहीं. म्हातारपणीं चार पैसे मिळण्याची सोय झाली, तरी ‘मला उद्यां कामावरून कां काढतां?’ या प्रश्नाचें उत्तर त्या सोयींत नव्हतें. याच एम्प्रेस मिलच्या मजुरांनीं पुढें संप केले, आणि नागपुरास रामचंद्र रुईकर यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या हाताखालीं कामगार संघटना वाढली. दया आणि न्याय यांत हाच भेद आहे. दया मिळते तेव्हां आपण हात जोडतों. न्याय मिळतो तेव्हां हात जोडावे लागत नाहींत.

जगांत इतरत्र याच सुमारास काय चाललें होतें? इंग्लंडांत यॉर्क येथील राऊंट्री यांच्या कोको व चॉकलेटच्या कारखान्यानें १८९६ सालीं मेरी वुड या बाईंची नेमणूक केली. कामावरील मुली व स्त्रिया यांच्या हिताकडे पाहणें हेंच त्यांचें काम. अमेरिकेंत डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनींत १९०१ सालीं मालक व कामगार यांच्यांत मोठा तंटा झाला, आणि तो मिटल्यावर मालक जॉन पॅटर्सन यांनीं तक्रारी ऐकणें व बडतर्फीचीं प्रकरणें तपासणें यांसाठीं एक वेगळें खातें उघडलें. या दोन उदाहरणांत आजच्या विभागाचीं दोन मुळें दिसतात. एक मूळ माणुसकीचें, दुसरें तंट्याच्या धास्तीचें. झाड एकच वाढलें, म्हणून त्याच्या फळांत दोन्ही चवी आहेत.

आपल्याकडे कलाटणी मिळाली ती १९२८ सालीं. त्या वर्षीं मुंबईचे गिरणी कामगार एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत, जवळजवळ सहा महिने, संपावर होते. भांडण नुसत्या पगाराचें नव्हतें. कामावर घेणें, काढणें, दंड, रजा यांचे जे स्थायी नियम गिरण्यांना लागू करावयाचे, ते न्याय्य असावेत, हाहि वादाचा एक मोठा मुद्दा होता. याच वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं एक प्रश्न पुढें आणला, जो मालकांना अडचणीचा होता आणि कामगार पुढाऱ्यांनाहि. अस्पृश्य मानलेल्या कामगारांना अधिक पगाराच्या विणाई खात्यांत घेत नसत. त्या काळीं धोट्याच्या छिद्रांतून सूत ओठांनीं ओढून घ्यावें लागे, आणि दुसऱ्यानें तोंड लावलेल्या धोट्याला तोंड लावण्यास स्पृश्य कामगार तयार नसत. आंबेडकरांनीं हा अन्याय दूर करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालावयास लाविली. माझ्या मतें या प्रसंगाचा धडा मोठा आहे. अन्याय केवळ वरून खालीं येत नाहीं. तो शेजारून शेजाऱ्यावरहि होतो. म्हणून न्याय देणारा मनुष्य मालकाचा मिंधा नसावा, तसाच तो बहुमताचाहि मिंधा नसावा.

पुढच्याच वर्षीं, १९२९ सालीं, व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालीं हिंदुस्थानांतील मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठीं रॉयल कमिशन नेमलें गेलें. आपले नारायण मल्हार जोशी हे त्याचे एक सभासद होते. कमिशननें १९३१ सालीं अहवाल दिला, आणि त्यांत जॉबरच्या सत्तेवर नेमकें बोट ठेवलें. त्याची सूचना अशी होती कीं, मोठ्या कारखान्यांत स्वतंत्र मजूर अधिकारी नेमावा. त्यानें मुख्य मॅनेजरखेरीज कोणाचा ताबेदार असूं नये. कामावर घेण्याचें काम त्यानें स्वतः, खात्याच्या प्रमुखाच्या विचारानें करावें. आणि खुद्द मॅनेजरखेरीज कोणीहि त्याच्या संमतीवांचून कामगाराला काढूं नये. श्रोतेहो, आज ज्या विभागाविषयीं आपण बोलत आहों त्याचा आपल्या देशांतील जन्मलेख हाच. त्याचा जन्म सहली काढण्यासाठीं किंवा वाढदिवसाचीं पत्रें धाडण्यासाठीं झाला नाहीं. मुकादमाच्या खिशांतील सत्ता काढून ती कागदावर आणावी, यासाठीं तो झाला.

त्यानंतरचीं पावलें भराभर पडलीं. मुंबई सरकारनें १९३४ सालीं व्यापारी तंट्यांत समेट घडविण्याचा कायदा केला व सरकारी मजूर अधिकारी नेमला. १९३५ पासून मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांना दर महिन्याच्या आरंभीं कार्डें देण्याची योजना आली, म्हणजे फाटकावरील बोटाची सत्ता कांहींशी आटोक्यांत आली. १९३६ सालीं मुंबईस सामाजिक कार्याचें शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा यांच्या नांवाची संस्था निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. मजूर कल्याणाच्या कामाला शिकलेलीं माणसें मिळूं लागलीं. त्याच वर्षींच्या वेतन-वाटपाच्या कायद्यानें दंडाला लगाम घातला: दंडाची रक्कम रुपयामागें अर्ध्या आण्याहून अधिक नसावी, पंधरा वर्षांच्या आंतील मुलाला दंड करूं नये, आणि कोणालाहि त्याचें म्हणणें मांडण्याची संधि दिल्याखेरीज दंड करूं नये. हें शेवटचें वाक्य मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. ‘तुझें म्हणणें काय?’ हा प्रश्न गिरणीच्या मजुराला विचारावाच लागेल, असें कायद्यानें सांगितलें.

आमचा मध्यप्रांतहि मागें नव्हता. गिरणींत काम करणाऱ्या स्त्रियांना बाळंतपणाच्या दिवसांत आर्थिक साहाय्य देण्याचा कायदा या प्रांतांत १९३० सालीं झाला. मुंबई प्रांतांत तो एक वर्ष आधीं झाला होता. १९४७ सालीं मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारनें औद्योगिक कलह मिटविण्याचा स्वतंत्र कायदा केला, आणि हिंगणघाटच्या गिरण्या त्याच्या कक्षेंत आल्या. त्याच्या आदल्या वर्षीं मध्यवर्ती सरकारनें स्थायी नियमांचा कायदा करून शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना नोकरीचे नियम लेखी करून प्रमाणित करून घेण्यास भाग पाडलें होतें. आणि १९४८ च्या कारखाना कायद्याच्या एकुणपन्नासाव्या कलमानें पांचशें किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणें सक्तीचें केलें. कमिशनची शिफारस या रीतीनें सतरा वर्षांनीं कायद्याच्या पुस्तकांत पोंचली.

आतां कागदावरील नियमाचा माणसाच्या आयुष्यांत काय उपयोग झाला, हें पाहूं. मी शाळामास्तर. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत विद्यार्थ्यांचे वडील संध्याकाळीं एखादा कागद घेऊन येत व म्हणत, ‘गुरुजी, एवढं वाचून सांगा बरं.’ तो कागद पुष्कळदां कारखान्याच्या कचेरींतून आलेला असे. कारखान्याचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. त्यावर लिहिलेलें असे कीं, अमक्या दिवशीं आपण अमुक कसूर केली असा आरोप आहे, तरी तीन दिवसांच्या आंत लेखी खुलासा करावा. कागद वाचतांना त्या माणसाचा चेहरा उतरे. परंतु वाचून झाल्यावर आम्ही दोघे मिळून उत्तर लिहीत असूं: त्या दिवशीं मुलाला ताप होता, शेजाऱ्याबरोबर निरोप धाडला होता, आणि पूर्वीं अशी कसूर झाली नव्हती. कोणाचें उत्तर मानलें जाई, कोणाचें नाहीं. तथापि एक गोष्ट मला त्या वेळींच कळली. मुकादमाच्या बोटाला उत्तर देतां येत नव्हतें. कागदाला देतां येत होतें. आणि ज्या दिवशीं उत्तर देतां येतें, त्या दिवशीं मनुष्य हात राहत नाहीं, माणूस होतो.

पण येथेंच या विभागाची खरी अडचण सुरू होते. आरोपपत्र धाडणारी कचेरी मालकाची, खुलासा वाचणारी कचेरी मालकाची, चौकशीस बसणारा अधिकारीहि मालकाच्या पगाराचा. मजुराला सांगितलें जाई कीं, हा तुमच्या कल्याणासाठीं नेमलेला साहेब आहे. आणि तोच साहेब दुसऱ्या दिवशीं मालकाच्या वतीनें मजुराविरुद्ध उभा राही. न्यायमूर्ति प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या राष्ट्रीय श्रम आयोगानें १९६९ सालच्या आपल्या अहवालांत या दुहेरी भूमिकेची दखल घेतली आणि सुचविलें कीं, कल्याण अधिकाऱ्याला मालकाच्या वतीनें मजुरांचे तंटे लढविण्याचें काम सांगूं नये. पुढें १९७१ सालीं औद्योगिक विवादाच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन मालकानें दिलेली बडतर्फीची शिक्षा योग्य होती कीं जास्त होती हें तपासण्याचा अधिकार न्यायाधिकरणांना मिळाला. या दुरुस्तीचा परिणाम कचेरीच्या आंतहि झाला असला पाहिजे. आपला निकाल उद्यां कोणी तरी त्रयस्थ वाचणार आहे, हें ठाऊक असलेला मनुष्य निकाल जपून लिहितो. शाळेंतहि तपासणीचे साहेब येणार असले म्हणजे हजेरीपट नीट भरला जातो, हें मी अनुभवानें सांगूं शकतों.

म्हणून मी या सर्व इतिहासाचें सार एका वाक्यांत सांगेन. मनुष्यबळ विभाग न्यायी असतो तो तेथील अधिकारी सज्जन आहे म्हणून नव्हे. तीन गोष्टी त्याच्या पाठीशीं असल्या तरच तो न्यायी राहूं शकतो. पहिली, नियम आधीं लिहिलेला असावा व नोकराला त्याच्या भाषेंत समजलेला असावा. दुसरी, शिक्षेपूर्वीं त्याचें म्हणणें विचारलें जावें व कारण लेखी द्यावें लागावें. तिसरी, त्या कचेरीच्या बाहेर, मग ती संघटना असो कीं न्यायाधिकरण असो, आणखी एक कान असावा. यांतील एकहि गोष्ट काढून घेतली तर कचेरीचें टेबल चकचकीत राहील, परंतु त्यामागें मुकादमच बसलेला असेल.

हें मी जुन्या गोष्टींच्या हौसेनें सांगत नाहीं. कापड गिरण्यांचा काळ आतां मागें पडला. हिंगणघाटची बन्सीलाल अबीरचंद यांच्या नांवाची गिरणी १९७४ च्या कायद्यानें राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली; नागपूरची एम्प्रेस मिल १९८६ सालीं राज्याच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ सालीं कायमची बंद पडली. नवे कारखाने आले, नव्या कचेऱ्या आल्या, आणि त्यांत पुष्कळ सुधारणाहि झाल्या. नायकिणीच्या हाताखालीं मुकाट्यानें सोसणाऱ्या बायकांच्या नातींना आज, कामाच्या ठिकाणीं होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ सालीं झालेल्या कायद्यामुळें, तक्रार समितीपुढें जातां येतें, आणि त्या समितींत एक सभासद बाहेरचा असावा लागतो. बाहेरच्या कानाचें महत्त्व कायद्यानें येथें ओळखलें आहे.

परंतु दुसरीकडे एक जुनी गोष्ट नव्या वेषांत परत आली आहे. कारखान्यांत, इस्पितळांत, कचेऱ्यांत, किंबहुना शाळांतहि आज ठेकेदाराकडून माणसें घेण्याची चाल पसरली आहे. अशा माणसाला घेतो ठेकेदार, काढतो ठेकेदार, पगार वांटतो ठेकेदार. जेथें तो राबतो तेथील मनुष्यबळ विभागाकडे जावें तर उत्तर मिळतें कीं, तुमचें नांव आमच्या पटावर नाहीं. अशा कामगारांसाठीं १९७० सालीं कायदा झाला, हें खरें. परंतु फाटकावर सकाळीं कोणाकडे बोट करावयाचें, ही सत्ता पुष्कळ ठिकाणीं पुन्हां एका माणसाच्या मर्जीवर गेली आहे. मुकादम गेला नाहीं. त्यानें नांव बदललें आहे.

नोव्हेंबर २०२५ पासून देशांत नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांत कांहीं दारें रुंद झालीं आहेत आणि कांहीं अरुंद. कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमण्याची मर्यादा पांचशें कामगारांवरून अडीचशांवर आली, आणि वीस किंवा अधिक कामगार असतील तेथें तक्रार निवारण समिति असावी असें ठरलें. ही चांगली गोष्ट आहे. परंतु लेखी स्थायी नियमांची सक्ति, जी १९४६ च्या कायद्यांत शंभर कामगारांपासून होती, ती आतां तीनशें कामगारांपासून आहे. समिति दिली आणि नियमाचें पुस्तक काढून घेतलें, तर समितीनें निकाल कशाच्या आधारें द्यावा, याचा विचार लहान कारखान्यांत काम करणाऱ्यांनीं आणि त्यांच्या हितचिंतकांनीं करावयास हवा.

श्रोतेहो, आपणांपैकीं पुष्कळांच्या घरांतील मुलगे, मुली, सुना आज अशा कचेऱ्यांत नोकरीस आहेत. कांहीं त्या कचेरीच्या टेबलाच्या अलीकडे उभे आहेत, कांहीं पलीकडे बसले आहेत. जे पलीकडे बसले आहेत त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे कीं, आपली खुर्ची कोणाची जागा घेऊन आली याचें स्मरण ठेवा. समोरच्या माणसाला काढण्याचा हुकूम वरून आला, तर कारण लेखी मागा; आणि तें लिहितां येण्याजोगें नसेल, तर तें करण्याजोगेंहि नाहीं असें समजा. आणि ज्यांच्या घरीं धुणें-भांडीं करणारी बाई आहे, त्यांनीं स्वतःसहि एकदां विचारून पाहावें कीं, आपल्या घरांत नेमणूक, रजा, खाडा आणि बडतर्फी या चारहि गोष्टींचा मुकादम कोण आहे. गिरणीच्या फाटकावरील न्याय आपण कायद्याकडे मागतों. घराच्या उंबऱ्यावरील न्याय आपल्याच हातीं आहे.